भरतीच्या आधी

नव्वदच्या सुरुवातीला सिल्वासाच्या एका कारखान्यात मी, नाशिकचा एक फिटर आणि आमचे पुण्याचे सुपरवायझर, अशा तिघांनाही पक्ष्यांचं वेड होतं. सुट्टीच्या दिवशीही आम्ही सुपरवायझरांना साहेबच म्हणायचो.

एका रविवारी दोन स्कूटरींवरून दमणला गेलो. तिथून एका मच्छीमाराच्या होडीने, ओहोटीला समुद्रात उघड्या पडणाऱ्या वाळूच्या पट्ट्यावर उतरलो. पट्टा कुरव आणि सुरय पक्ष्यांनी भरला होता. साहेब दुर्बीण डोळ्याला लावून पुढे सरकत राहिले आणि पट्ट्याच्या कडेला गुडघ्यापर्यंत चिखलात रुतले.

आधी आम्ही हसलो. मग सगळे पक्षी एकदम उठले आणि होडीवाला लांबून ओरडला, "भाई, पाणी चढे छे, चालो!"

आम्ही ओढू तसे साहेब आणखी खोल जात होते. "तुम्ही जा रे," ते म्हणाले. चेहरा पांढराफटक पडला होता.

"गप्प बसा आणि मागे आडवे पडा!" फिटर खेकसला. एरवी तो त्यांच्यापुढे मान वर करत नसे.

साहेब मुकाट्याने आडवे झाले. फिटरने पायांभोवतीचा चिखल हातांनी उपसला, मी काखेत हात घालून खेचलं. पाणी त्यांच्या कानांना लागलं तेव्हा एक पाय सुटला, मग दुसरा. बूट आतच राहिले.

होडीवाल्याने होडी किनाऱ्याकडे वळवली. मग साहेबांनी विचारलं, "सुरय किती होते, मोजले का रे?"

कुणीच मोजले नव्हते. आम्ही तिघेही डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो.