घरचा घड

आमच्या सासरी विकायची केळी वेगळी आणि खायची वेगळी. निंबोल्याच्या बागेतून व्यापाऱ्याची गाडी हिरवे घड भरून गेली, की सासरे एक घड मागे ठेवत आणि कोठीच्या खोलीत धुरी देऊन पिकवत. तो घरचा घड. मी बऱ्हाणपुरात शाळेत शिकवायचे, तिथे आमच्या बिऱ्हाडी तो नेमाने पोचायचा.

बाजार खुला होण्याची ती वर्षं. दुकानादुकानांत चकचकीत पाकिटांच्या माळा लटकू लागल्या होत्या आणि मी भलतीच कडक झाले होते. तेल घाण्याचं, पीठ घरच्या गव्हाचं. गाडीवरची केळी तर नाहीच, कारण ती कार्बाइडच्या पुड्या ठेवून पिवळी करतात. हे मी शाळेत सगळ्यांना ऐकवायचे. ऐकणारे कंटाळायचे, मी नाही.

शाळेसमोर केळ्यांची गाडी लावणाऱ्या बाईने एकदा मला अडवलं. "मॅडमजी, माह्याकडून कधीच केले घेत नाही तुम्ही. काहून?"

मी तिलाही पुड्यांचं व्याख्यान दिलं. तिने ते शांतपणे ऐकून घेतलं.

"पर हा माल तं तुमच्याच सासऱ्याच्या बागेतला हाय. व्यापारीच सांगत व्हता."

मला राग आला. आधी तिचा, मग स्वतःचा. जे मी माझ्या मुलीला देत नव्हते, ते माझ्या वर्गातल्या मुली मधल्या सुट्टीत खात होत्या. खरं सांगते, लाज वाटली.

रविवारी मी निंबोला गाठलं. "बाबा, या खेपेला दहा घड व्यापाऱ्याला देऊ नका. मी धुरीवर पिकवते आणि त्या बाईच्या गाडीवर ठेवते."

सासरे हसले. "सुनबाई, जमन का तुले? सबर लागते त्याले."

जमणारच होतं. गोवऱ्यांचा धूर खोलीत कोंडायचा, दार शेणमातीने लिंपायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत उघडायचं नाही, एवढंच तर काम. पण मला कुठला धीर! संध्याकाळी नुसतं बघावं म्हणून लिंपण फोडलं. धूर निघून गेला आणि घड अर्धे कडक, अर्धे मऊ राहिले. म्हशींनी आवडीने खाल्ले. सासऱ्यांनी हसू तेवढं मिशीत दाबलं.

पुढच्या खेपेला दार लिंपलं आणि सरळ बऱ्हाणपूरची बस धरली. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर जाऊन उघडलं. घड छान पिकले होते, पण रंग फिका, सालीवर ठिपके. गाडीवर ठेवले तेव्हा मुलींनी नाकं मुरडली. मी गाडीपाशी उभी राहून एकेकीच्या हातात केळं सोलून दिलं. चौथ्या दिवशी दुपारीच गाडी रिकामी झाली. शेवटची फणी बाईने पदरात बांधली. "हे माह्या घरी," म्हणाली. इतकी वर्षं गाडी लावत होती, पण गाडीवरचं केळं ती पहिल्यांदाच घरी नेत होती.

महिन्याभराने सासरे आमच्याकडे आले. जेवण झाल्यावर सवयीने म्हणाले, "घरचा घड कुठं ठेवला? आण एखादं केळं."

"वेगळा ठेवलाच नाही, बाबा. सगळे गाडीवर दिले."

ते उठले, चपला घातल्या, शाळेसमोर गेले आणि जन्मात पहिल्यांदा केळी विकत घेऊन आले.