ढेकीवरचं संतूर

काल फोनवर एका जुन्या मालिकेची संतूरची धून लागली. खाली कुणीतरी लिहिलं होतं, "किती अस्सल!" इतक्या वर्षांनीही माझं डोकं फिरलं.

ऐंशीच्या दशकात आम्ही ऊर्जानगरच्या क्वार्टरमध्ये राहायचो. प्राचीन तंत्रज्ञानावरच्या त्या मालिकेत पोंभुर्ण्याकडची माझी मावशी दिसणार होती, म्हणून ती मुद्दाम आमच्याकडे आली होती. पडद्यावर दोघी बाया पायानं धान कांडायची लाकडी ढेकी दाबत होत्या. जड मुसळ उखळात आदळायचं, वर उचललं की मावशी हातानं आतलं धान सारायची. तिघींचे ओठ हलत होते, आवाज मात्र संतूरचा!

"माहा गाना कुठी गेला?" मावशी ताडकन उठली. "त्या गान्यावरच तं हात आत घालतो, बाहेर काढतो. या बाजावर कांडलं तं बोटं जातीन माही!"

"बाई, शोभेसाठी टाकलं असन," बाबा म्हणाले.

"काऊन? आमी काय मुक्या आहो?"

तिनं टीव्हीचा आवाज पार बंद केला आणि उभ्या उभ्या खणखणीत गायला लागली. तेव्हा कुठे पडद्यावरचं मुसळ तालात पडायला लागलं.