आत्याला मागितलेला कागद

चाकूरजवळच्या आमच्या शेतात आजोबा-आजींची समाधी आहे. आम्ही लिंगायत, आमच्यात पुरतात. जुना चौथरा फुटला तेव्हा आजोबांच्या भावाच्या नातवांनी, म्हणजे माझ्या चुलतभावांनी, ग्रॅनाइटची शिळा बसवायचं ठरवलं आणि मजकुराचं काम माझ्याकडे दिलं. लातूरच्या शाळेत मी जन्मभर इतिहास शिकवला. हे काम आपल्याशिवाय कोण करणार, असं मलाही वाटलं. अहमदपूरच्या शाळेतून वडिलांच्या दाखल्याचा उतारा काढला, तहसीलमधून जमिनीच्या जुन्या नकला आणल्या आणि एका रविवारी सगळ्यांसमोर मजकूर वाचून दाखवला.

मुदखेडहून आत्या आली होती. वडिलांची थोरली बहीण, नव्वदीला टेकलेली. ती म्हणाली, "माय दोघी होत्या रं. थोरलीचंबी नाव घाल. ती बांधावरच्या बोरीखाली हाय."

आजोबांचं आधी एक लग्न झाल्याचं मी कधीच ऐकलं नव्हतं. वडीलही कधी बोलले नव्हते.

"आत्या, काही कागद आहे का त्याचा?"

"कागद कुठला आला? मी सांगून राहिले की."

"असं ऐकीव दगडावर कोरता येत नाही," मी म्हणालो. पुढे भावांकडे बघून हसत हसत हेही म्हणालो, की या वयात माणसाची गल्लत होतेच. भाऊ हसले. आत्यानं पदर सावरला आणि परत त्या विषयावर तोंड उघडलं नाही. शिळा बसली त्या दिवशी ती आलीही नाही.

दिवाळीनंतर गावात हेळवी आला. हेळवी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या आमच्या घराण्याची वंशावळ लिहून ठेवणारा माणूस, दर काही वर्षांनी कर्नाटकातून येतो. मला पणजोबांच्या भावांची नावं हवी होती, म्हणून मी मुद्दाम गेलो. त्यानं कानडीतली चोपडी उघडली आणि बोट फिरवत वाचत गेला. आजोबांपाशी आल्यावर म्हणाला, "ह्यांना दोन बायका. पहिलीच्या पोटी एक लेक, एक ल्योक. ल्योक तीन महिन्यांचा होता, तवा बाई गेली. दुसरीला मूल न्हाई."

"न्हाई कसं? पुन्हा बघा," मी म्हणालो.

त्यानं पुन्हा वाचलं. लेक म्हणजे आत्या आणि तीन महिन्यांचा मुलगा म्हणजे माझे वडील. ज्या बाईला मी ऐकीव म्हणून सोडून दिलं होतं, ती माझी सख्खी आजी होती. हेळव्यासमोर मान वर करवेना.

दुसऱ्या दिवशी मुदखेडला गेलो. आत्या ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. मी तिच्यापुढे खाली बसून सगळं सांगितलं. तिला नवल वाटलं नाही.

"तुझ्या बापाला कुणी कळूच दिलं न्हाई," ती म्हणाली. "धाकल्या मायनं लई जीव लावला त्याला. तिनं माझ्याकडून वचन घेतलं होतं."

"मग मला तरी एकटं गाठून सांगायचंस."

"सांगणार होते. तू कागद मागितलास."

तिनं मूठभर शेंगदाणे माझ्या हातावर ठेवले.

महिन्याभरात बोरीखाली दुसरी शिळा बसवली. आत्याला मी स्वतः गाडीनं घेऊन आलो. तिला वाचता येत नव्हतं. "नाव कुठं हाय?" तिनं विचारलं. मी तिचं बोट धरून अक्षरांवरून फिरवलं. ती पाच वर्षांची असताना आई गेली होती.

जेवताना थोरला चुलतभाऊ सगळ्यांना म्हणाला, "सरांनी लई खटपट केली. त्यांनी शोधलं नसतं तर आजी अशीच राहिली असती."

सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. आत्या माझ्या शेजारीच होती, भाकरी कुस्करत. आत्यानं आधीच सांगितलं होतं, मीच तिला गप्प केलं, एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणालो नाही. मान हलवली आणि वरण वाढून घेतलं.

परतताना नांदेड ओलांडल्यावर कसंबसं बोललो, "आत्या, मघाशी मी सगळ्यांसमोर सांगायला पाहिजे होतं."

ती खिडकीतून बाहेर बघत होती.

"हाव," ती म्हणाली. "पाहिजे होतं."

मुदखेडला तिच्या घरी पोचल्यावर मी थोरल्या चुलतभावाला फोन लावला आणि सगळं सांगितलं. तो म्हणाला, जाऊ द्या सर, आता काय त्याचं. आत्या तोवर आत जाऊन पडली होती.