तळहातावरच्या बाई

फोन आला तेव्हा मी राजारामपुरीतल्या माझ्या दुकानात एका गिऱ्हाइकाला मिक्सर चालवून दाखवत होतो. त्या घरघरीत आधी काही कळलंच नाही. मिक्सर बंद केला तेव्हा कांबळे बाईंच्या भाच्याचं वाक्य पुरतं ऐकू आलं. आत्या गेल्या, सकाळी चहा घेऊन जरा आडव्या झाल्या त्या उठल्याच नाहीत. शटर ओढून घरी आलो. माझी मुलगी रेवा रोजच्या जागी सतरंजीवर बसली होती, उजवा हात पुढे करून, तळहात वर. बाईंची तिला शिकवायला यायची वेळ झाली होती. तो हात तसाच हवेत होता आणि मी दारात उभा होतो... तिला काय सांगावं, हे मला कळेना.

रेवाला जन्मापासून दिसत नाही आणि ऐकूही येत नाही. तिच्याशी बोलायचं ते तिच्या हातावर, तेही बाईंनी शिकवलं म्हणून. घरात आलेल्या माणसाने आधी तिच्या हातावर आपलं नाव सांगायचं हा रिवाज त्यांनीच घातला. नाव म्हणजे एक ठरलेला स्पर्श, आम्ही त्याला खूण म्हणतो. मी तिची करंगळी धरून हलवतो, तो मी. तिची आई सुनीता बांगड्या तिच्या मनगटाला लावते. बाई तळहाताच्या मधोमध अंगठा दाबायच्या आणि मग मनगटावर दोनदा बोट टेकवायच्या. ज्याची खूण त्याची, दुसऱ्याने ती करायची नाही. एवढं सगळं शिकवलं, पण मरणाला आमच्याकडे शब्द नव्हता. 'संपलं' हा शब्द आहे, पण तो जेवणाला आणि झोपाळ्याला, आणि ते दोन्ही दुसऱ्या दिवशी पुन्हा येतात. मी तिच्या हातावर 'बाई, संपलं' असं सांगितलं. तिने मान डोलावली आणि हात पुन्हा पुढे केला.

बाई मूळच्या कोडोलीच्या, राहायला कसबा बावड्यात. लग्न केलं नाही. बोलणं असं खणखणीत, की रस्त्यातल्या रिक्षावाल्याला वाटावं आपल्यावरच ओरडतायत. इकडच्या पुष्कळ बायकांसारखं त्या 'मी आलो, मी बसतो' असंच म्हणायच्या, आणि पुण्यात सल्लागार परिषदेच्या बैठकीतही त्यात बदल नाही. विशेष मुलांच्या शिक्षणाबाबत सरकारला सल्ला देण्यासाठी नेमलेली ही परिषद. बाई तज्ज्ञ म्हणून तिच्यावर, आणि मी पालकांचा प्रतिनिधी. मला कुणी आणि का नेमलं, हे कोडं मला सुटलेलं नाही, पण बाईंचा हात असणार असा संशय आहे. आम्ही दोघं पहाटेची एसटी धरून जायचो. बैठकीत चहा चांगला मिळायचा, बिस्किटं चांगली मिळायची, आणि आम्ही दिलेल्या प्रत्येक सल्ल्याची नोंद घेण्यात यायची. नोंद घेतली की विषय गार व्हायचा.

बाईंचा विषय एकच होता. रेवाला बाई होत्या, पण तिच्यासारख्या इतर मुलांची शिक्षिका दर जूनमध्ये बदलली जाते, ती अशी एकाएकी बदलू नये. जुनी आणि नवी, दोघींनी काही आठवडे एकत्र यावं. मुलीच्या हातावर नवीचा हात, त्या हातावर जुनीचा. मग जुनीने आपल्या हाताचा भार रोज थोडा कमी करत न्यायचा, शेवटी हात उचलला तरी मुलीला धक्का बसू नये इतका. याला त्या 'हात सोपवणं' म्हणायच्या. आम्हा आईबापांकडे रेवाचा हात त्यांनी असाच सोपवला होता. अध्यक्ष निवृत्त सनदी अधिकारी, माणूस सभ्य, पण त्यांना हा खर्चाचा आणि प्रशासकीय सोयीचा प्रश्न वाटायचा. एका बैठकीत बाई उठल्या, टेबलाला वळसा घालून अध्यक्षांच्या मागे गेल्या आणि एक शब्द न बोलता त्यांचा टेबलावरचा हात धरून तळव्यात अंगठा दाबला. साहेब खुर्चीतून अर्धे उठले. चहा सांडला.

"दचकला न्हवं सायब?" बाई म्हणाल्या. "आमची पोरं दर जूनला अशीच दचकत्यात. वळखीचा हात जातोय आणि कुणाचा तरी परका हात येऊन बसतोय. बदली झाली म्हणून त्यास्नी कोण सांगणार?"

सगळे हसले. अध्यक्षही हसले, पण रुमालाने तळहात पुसत राहिले, बैठक संपेपर्यंत. नोंद घेण्यात आली. परतीच्या एसटीत बाई खिडकीकडे तोंड करून बसल्या होत्या. मी काहीतरी समजुतीचं बोललो असेन. त्या एवढंच म्हणाल्या, की मी मेलो तर रेवाचा हात कोण सोपवणार, हे तुम्ही मला सांगा. मी हसण्यावारी नेलं. त्यांची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत होती.

बाई गेल्यानंतर नवी शिक्षिका आली, अर्चना. बाईंकडेच प्रशिक्षण घेतलेली, शांत, कामसू मुलगी. तोवर रेवा रोज सकाळी हात पुढे करून बसत होती आणि मी आणि सुनीता स्वयंपाकघरात जाऊन बसत होतो, कारण ते पाहवत नव्हतं. अर्चना आली, चपला काढल्या, रेवासमोर मांडी घालून बसली आणि तिचा हात हातात घेतला. मग तळव्याच्या मधोमध अंगठा दाबला आणि मनगटावर दोनदा बोट टेकवलं.

रेवाचा चेहरा असा उजळला, की सुनीताने तोंडावर पदर धरला. रेवाने तो हात चाचपला, कोपरापर्यंत गेली, खांदा, मान, गाल... आणि थांबली. ती रडेल, हात झटकून टाकेल असं मला वाटलं. तिने तसं काही केलं नाही. तिने अर्चनाचा हात आपल्या हातावर होता तसाच राहू दिला आणि दुसऱ्या हाताने त्याच्या वरची हवा चाचपू लागली. पुन्हा पुन्हा, वर, मागे, अर्चनाच्या खांद्यामागे. ती जुना हात शोधत होती. खूण बाईंची आणि हात नवा, म्हणजे बाई हात सोपवायला आल्यात, इथेच कुठेतरी मागे उभ्या आहेत, हे ती धरून चालली होती. मी अर्चनाच्या मागे पाहिलं. तिथे कपाट होतं, दुसरं काही नव्हतं, हे मला ठाऊक होतं, तरी मी पाहिलं.

अर्चनाला बाहेर बोलावून विचारलं, ही खूण तू कुठून आणलीस. ती गोंधळली. हा तर नमस्कार, म्हणाली. प्रशिक्षणाच्या पहिल्या दिवशी बाईंनी सगळ्यांचे डोळे बांधले आणि एकेकीच्या हातावर हेच केलं. बाई आपलं नाव सांगत होत्या आणि या मुलींनी तो नमस्कार समजून उचलला. तिच्याबरोबरच्या सगळ्याजणी जिथे जातात तिथे असाच करतात, कागलला, गडहिंग्लजला, सांगलीकडेही. मी तिला खरं काय ते सांगितलं. ती कितीतरी वेळ आपल्या अंगठ्याकडे बघत राहिली.

"म्हंजे आमी सगळ्या रोज बाईंचं नाव सांगून घराघरांत शिरतोय व्हय?"

त्या दिवसांत मला दुकानात बसल्या बसल्या तेच डोळ्यांसमोर यायचं. सकाळ झाली आहे, जिल्ह्यात ठिकठिकाणी मुलं हात पुढे करून बसली आहेत, आणि त्या प्रत्येक हातावर कांबळे बाई येतायत. तरुण हातांनी, एकाच वेळी, मेल्यानंतरसुद्धा. आपण करतोय त्याचा या मुली काय अर्थ घेतात, हे बाईंना कळलं नसेल यावर माझा पुरता विश्वास बसत नाही. त्यांच्या नजरेतून एवढं सुटणारं नव्हतं.

परिषदेच्या पुढच्या बैठकीला मी एकटा गेलो. शोकप्रस्ताव झाला, सगळे उभे राहिले. मी मान खाली घातली होती, म्हणून मला अध्यक्षांचे हात दिसले. डोळे मिटून उभ्या असलेल्या त्या माणसाचा उजवा अंगठा डाव्या तळव्याच्या मधोमध दाबलेला होता. मग मी रेवाची हकीकत सांगितली. कुणी हसलं नाही. हात सोपवण्याची शिफारस त्या दिवशी मंजूर झाली आणि शासनाकडे गेली. पुढे काय होईल ते होईल. पण मला त्याचा आनंद होईना, मला राग आला होता. बाई जिवंत असताना हे झालं असतं तर अर्चना बाई असतानाच आमच्याकडे येऊ लागली असती. आता सोपवायला हातच उरला नव्हता.

शेवटी सुनीताने ठरवलं आणि आम्ही रेवाला बाईंच्या घरी नेलं, अर्चनालाही घेतलं. भाच्याने कुलूप काढून दिलं. भर दुपार होती, साखर कारखान्याकडून मळीचा वास येत होता. रेवाने खोली हातांनी वाचली. गुंडाळलेली गादी, त्यावर हात ठेवून थांबली. चष्मा. खुंटीवरची साडी, ती तिने नाकाशी धरली आणि बराच वेळ सोडली नाही. चपलांवर धूळ होती, ती तिने बोटांनी पुसली आणि बोटं चोळत राहिली. मग फरशीवर बसली आणि अर्चनाचा हात ओढून घेतला. त्या हातावर तिने बाईंची खूण केली आणि तळव्याने ती पुसून टाकली. मग अर्चनाची बोटं एकेक करून तपासली, तर्जनीचं पेर चिमटीत धरून हलकेच दाबलं. पुन्हा दाबलं. अर्चनाला तिने नाव दिलं होतं. तेव्हापासून अर्चना त्याच नावाने घरात येते.

इथे हा लेख संपवायला हवा, पण एक गोष्ट उरते. अर्चना यायच्या आधी रेवा थोडा वेळ एकटी बसते. तेव्हा तिचा उजवा हात तिच्या डाव्या तळव्यावर बोलत असतो. सुरुवात बाईंच्या खुणेने होते. त्यापुढे तो हात रेवाचा वाटत नाही. रेवा घाईची, शब्द अर्ध्यात तोडणारी. हा हात सावकाश चालतो, शब्दानंतर थांबतो, उत्तराची वाट बघतो. मध्येच रेवा हसते. परवा मला राहवलं नाही. मी हळूच तिचा डावा हात बाजूला केला आणि त्या जागी माझा तळहात ठेवला.

रेवाने आजवर कुणाला 'तू कसा आहेस' असं विचारलेलं नाही. ती मागते, सांगते, नाही म्हणते. दुसऱ्यालाही काही वाटत असतं, हे तिच्यापर्यंत पोचवायला बाईंनी वर्षानुवर्षं घालवली आणि ते जमलं नाही, हे त्या मोकळेपणाने कबूल करायच्या. परवा माझ्या तळव्यात अंगठा दाबला गेला. मनगटावर दोनदा बोट टेकलं. हात किंचित थांबला आणि मग सावकाश, एकेक शब्द करत त्याने मला विचारलं, तू कसा आहेस.

सकाळचं ऊन सतरंजीवर आलं होतं. आत सुनीता पोळ्या लाटत होती. मी हात काढून घेतला नाही. बरा नाही, मी त्या हातावर सांगितलं. तुमच्याविना बरा नाही, बाई.