फोटोत शेषराव मिस्त्री नव्हते

सोमवार, रात्र. मित्रांनो, बऱ्याच महिन्यांनी लिहितोय, माफ करा. साइटवरून आल्यावर लिहायचं त्राण उरत नाही.

साखऱ्याला शाळेच्या खोल्या बांधतोय, मी तिथला इंजिनिअर. आज स्लॅब होता. आमच्याकडे स्लॅबचा नारळ मिस्त्री फोडतो, मगच पहिलं घमेलं उचलतात. शेषराव मिस्त्री नवा रुमाल बांधून आले होते. पण कंपनीचे मॅनेजर आले आणि नारळ त्यांनीच फोडला. फोटो मी काढत होतो. "मिस्त्री, जरा बाजूला व्हा," हेही मीच म्हणालो.

कुणी भांडलं नाही. काम मात्र रेंगाळत गेलं.

"मिस्त्री, भरभर हात उचला. मधेच थांबलो तर जोड राहील, छत गळेल," मी म्हणालो.

ते थापी पुसत म्हणाले, "फोटोत आमी चालत न्हाई साहेब, मग स्लॅबात काहून पाहिजे?"

घमेलं घेऊन उभी असलेली गंगाबाई हसली. "मॅनेजरला बलवा की! नारळ फोडला, आता मालबी टाकतील."

अंधार पडला तेव्हा एका खोलीचा स्लॅब अर्धाच झाला होता. आता तिथे जोड राहणार, पावसात गळणार आणि खाली लेकरं बसणार. मॅनेजरचा फोन आला, "लोकांना मोटिव्हेट करा."

शेषरावांची माफी मागावीशी वाटते. पण ती मनापासून असेल की उरलेला स्लॅब भरून घेण्यासाठी, हे माझं मलाच कळत नाही. तुम्ही काय केलं असतं?

उद्याचं काम: नारळ घेऊन जाणे, शेषरावांच्या हातात देणे.