लांडगिणीचे पाहुणे

भिंगारचे आमचे शेजारी डॅनीभाऊ पाटोळे लष्कराच्या स्टोअरमध्ये कारकून. हयात खिळे-नटबोल्टांच्या नोंदी करण्यात गेली, तरी हौस फिटली नाही. रविवारची चर्चमधली उपासना आटोपली की दुर्बीण गळ्यात अडकवून स्कूटरवरून पारनेरच्या माळावर जायचं आणि दिसेल तो जीव मोबाईलमधल्या वन्यजीव-नोंदींच्या ॲपवर चढवायचा, हा त्यांचा नेम. माहिती सगळ्यांत वाटली तरच रान वाचेल, हे ते इतक्यांदा ऐकवत, की त्यांना लांबून पाहिलं तरी आम्ही गल्ली बदलायचो.

यंदा हिवाळ्यात त्यांना ओढ्याच्या काठाला लांडगिणीचं बीळ सापडलं. आत पिल्लं. भाऊंनी पेढे वाटले. ॲप बिचारं शहाणं. असल्या दुर्मिळ जिवाचं नेमकं ठिकाण झाकून नकाशावर नुसता मोठा गोल दाखवतं. संशोधकांनी डोकं चालवून केलेली सोय होती ती. पण पत्ता विचारणाऱ्याला थेट दारापर्यंत सोडून येणारी आमची माणसं! एवढ्या मोठ्या गोलात लोक कुठं हुडकत बसतील, म्हणून भाऊंनी नोंदीखाली स्वतःचा फोन नंबर टाकला.

पुण्या-नाशकाहून भल्यामोठ्या लेन्सा घेऊन मंडळी आली. आधी घरी चहा-पोहे, मग स्कूटर पुढं, गाड्या मागं, थेट बिळाच्या तोंडाशी. एकानं पिल्लं उजेडात यावीत म्हणून आत खडे टाकले. भाऊंनी त्याला हळू टाकायला सांगितलं. निसर्गप्रेम म्हणतात ते हेच.

पोहे करून दमलेल्या हेलनवहिनी एकदाच बोलल्या, "जिच्या घरी पावनं नेताय, तिला इचारलं का कधी?"

भाऊ पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर गेले. एका शनिवारी पोचवलेल्या पाहुण्यांनी तर बिळासमोरच तंबू ठोकला. सकाळी त्यांचा नाश्ता घेऊन भाऊ निघाले, डबा धरायला मागं मी.

बीळ रिकामं होतं. लांडगिणीनं एकेक पिल्लू तोंडात धरून हलवलेलं दिसत होतं. एक मात्र तंबूपाशी थंडीनं आखडून मरून पडलं होतं. ते न्यायला यायची तिची छाती झाली नसावी.

एका पाहुण्यानं कॅमेरा सरसावला. भाऊ मध्ये उभे राहिले.

"निघा आता तुमी," ते म्हणाले. पाहुण्याला असं बोलताना मी त्यांना पहिल्यांदाच ऐकलं.

मंडळींनी तंबू गुंडाळला. भाऊ खाली बसून दगडानं खड्डा उकरत होते. गाडीत बसता बसता एकानं मला हळूच विचारलं, "ती आता कुठं गेली असेल?"