न्यूयॉर्क दोरीनं किती लांब?

आमच्या लोणावळ्याच्या रेल्वे कचेरीत फायली कायम हरवायच्या. किस्से मात्र एकही हरवला नाही! मी तिथला कारकून. त्या काळी आभाळात विमान घरघरलं की रूळ सांभाळणाऱ्या गँगमनपासून साहेबांपर्यंत सगळे बाहेर! त्यामुळे माझ्याकडे विमानाचेच किस्से जास्त.

*

खंडाळ्यावरून पहिल्यांदा विमान गेलं, तेव्हा गँगमधले महादूआबा मान अवघडेपर्यंत बघत राहिले. घाट चढताना आमच्या गाड्यांना मागून जादा इंजिन लावायचे. आबांनी मला विचारलं, "भाऊ, ह्ये बी घाट चढूनच आलं न्हवं? मंग ह्याला मागनं ढकलतंय कोन?"

*

आबांना आणखी एक काळजी. "वर टेसनं न्हाईत, तर लोकं च्या कुटं पित्यात?"

शेजारी सखाराम होता. म्हणाला, "आबा, च्याचं मागनं बगू. आदी तुमाला चढवून तर घेऊ द्या!"

*

हा सखाराम भुशीचा. वळणावरचा रूळ सरकला की दोरी ताणायचा, दोरी अन् रुळात किती बोटं अंतर पडलं ते बघायचा, आणि सांगायचा, "हितं बिगाडलंय." कधी म्हणून चुकला नाही! मुकादमाची जागा रिकामी होती. ती त्यालाच मिळावी असं अख्ख्या गँगला वाटे. साहेब म्हणायचे, "अक्षरशत्रू आहे तो. नकाशा दिला तर उलटा धरेल!" मला अस्सा राग यायचा!

एकदा साहेबांनी खरंच घाटाचा नकाशा दिला. अन् पठ्ठ्यानं उलटाच धरला!

"काय रे हे?"

"साहेब, मी दक्षिनंकडं तोंड करून हुबा हाय. कागदानं बी तिकडंच तोंड करावं!"

*

मग तो दिवस. मुंबईहून न्यूयॉर्कला विमानानं सरळ गेलं तर अंतर किती, असा विषय निघाला. साहेबांनी भिंतीवरच्या जगाच्या नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली. अरबस्तान, आफ्रिका, समुद्र, न्यूयॉर्क. "याहून जवळची वाट नाही!"

दारात आबांबरोबर उभा असलेला सखाराम म्हणाला, "साहेब, कागुद सपाट हाय. पिरथमी वाटोळी म्हंत्यात."

"मग दाखव जवळची वाट! चुकलास तर मुकादमीचं नाव काढायचं नाही."

मी धावत जाऊन शाळेतून पृथ्वीचा गोल आणला. दोन्ही शहरं कुठं ते सखारामनं मला विचारलं आणि दोरी ताणली. दोरी गेली थेट उत्तरेच्या बर्फातून!

"निघाला अमेरिकेला, अन् बर्फात गारठला!" साहेब खो खो हसले. आबासुद्धा हसले.

सखारामनं न्यूयॉर्कपाशी दोरी नखानं धरली, उचलली, आणि तेवढीच दोरी गोलावर साहेबांच्या वाटेनं लावली. अरबस्तान झालं, आफ्रिका झाली, अन् दोरी भर समुद्रात संपली. न्यूयॉर्क अजून दोन बोटं लांब!

"साहेब, तुमचं इमान बुडालं बगा."

साहेबांनी स्वतः दोरी लावून पाहिली. एकदा, दोनदा. मग खुर्चीतून उठले आणि दोरी त्याच्या हातात देत म्हणाले,

"गुंडाळा आता, मुकादम!"